मळीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रस आटवायला लाकडं विकत आणायची रीत नव्हती. चरकातून बाहेर पडलेली चिपाडं मोकळ्या जागेत पसरायची, कडक वाळली की काहिलीखालच्या चुलवाणात सारायची. उसावरच उसाचा गूळ शिजायचा. ही काटकसर कुणी शिकवलेली नव्हती. दुसरं जळण परवडतच नव्हतं.

कारखान्यांचं तसं नव्हतं. १९३२ साली साखरेला संरक्षक जकात मिळाली आणि देशात कारखान्यांचं पेवच फुटलं. वालचंदनगर, रावळगाव त्याच लाटेतले. साखर खपत होती, मग बाकीच्याकडे बघतो कोण? साखर काढून घेतल्यावर उरणारी काळी, चिकट मळी उसाच्या वजनाच्या जेमतेम चार टक्के; पण रोज शेकडो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला तीही जड जायची. खड्ड्यात साठवली की आंबायची, ओढ्यात गेली की पाणी नासायचं. अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरतन धर यांनी ही मळी खारवट, नापीक जमीन सुधारायला वापरून दाखवली. मळीपासून काढलेला मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ साली कायदाही झाला, पण त्याने फारशी मजल मारली नाही.

भुशाची, म्हणजे बगॅसची, कथा तर आणखी विचित्र. तो उसाच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के. त्यावर कारखाना चालून बराच उरावा, पण उरलेल्याचे ढीग लावायला जागा लागते आणि उन्हाळ्यात आगीची धास्ती. म्हणून कमी दाबाचे, भुसा भरमसाट खाणारे बॉयलरच बरे वाटत. उधळपट्टी होती, पण हिशेबाची! भुशावर तयार होणारी जादा वीज विकत घेणारं गिऱ्हाईक उभं राहिलं, तेव्हा कुठे उच्च दाबाचे बॉयलर आले आणि तोच भुसा तोलूनमापून जळू लागला. मळीचंही तेच. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, मिसळायचं ठरलं आणि ओझं वाटणाऱ्या मळीला नवा भाव आला.

मात्र कटकट संपली नाही, पुढे सरकली. मळीपासून लिटरभर मद्यार्क काढताना दहा-पंधरा लिटर तपकिरी, उग्र वासाचं स्पेंटवॉश उरतं. नदीत गेलं तर मासे मरतात. त्यातून आधी बायोगॅस काढतात. मग काही ठिकाणी ते रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करतात, काही ठिकाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. जाळल्यावर मिळणाऱ्या राखेत पालाश भरपूर असतं. आपला देश पालाश जवळजवळ सगळं आयात करतो. या राखेपासून केलेल्या खताला केंद्र सरकारने २०२१ साली अनुदान लागू केलं.