‘कमला’: विकत घेतलेली बातमी
‘इंडियन एक्सप्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची विक्री उघड करण्यासाठी १९८१ मध्ये एक स्त्री स्वतः विकत घेतली आणि त्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिले. जगमोहन मुंदडा यांचा हिंदी चित्रपट त्यावरच बेतलेला आहे. नाटकातील जयसिंग जाधव सनसनाटी, म्हणजे खळबळ हेच मूल्य मानणाऱ्या, पत्रकारितेचा प्रतिनिधी असून तो विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. वार्ताहरांनी तिला विचारलेले अश्लील प्रश्न तो घरी हसत सांगतो, आणि परिषद रंगमंचावर न दाखवल्यामुळेच हे हसणे अधिक असह्य होते. तुला कितीला विकत घेतले, असे कमला त्याच्या पत्नीला, सरिताला, निरागसपणे विचारते. पुढे बड्या लोकांच्या दबावामुळे वृत्तपत्राचा मालक जयसिंगलाही नोकरीवरून काढतो.