मापात पाप : बिट आणि बाइट यांची कुळकथा



'मापात पाप' हे शब्द बाजारातून आपल्या भाषेत आले. आज ज्या मापांविषयी बोलणार आहे ती तराजूत घालता येत नाहीत. पण त्यांच्या इतिहासातला प्रश्न जुन्या पेठेतलाच आहे. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे माप एकच आहे काय?

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना शेराचा हिशेब आठवत असेल. शेराचे निम्मे अच्छेर, त्याचे निम्मे पावशेर, मग अदपाव, मग छटाक. चार वेळा निम्मे केले की सोळावा हिस्सा हाती येई. रुपयाचेही तसेच: आणे १६, पैसे ६४. दोन पारड्यांत समान वाटणी करायला वेगळे वजन लागत नाही, म्हणून ही निम्म्याची रीत सोयीची होती. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आपण दहाच्या रीतीवर आलो. गंमत अशी, की त्याच सुमारास अमेरिकेतल्या संगणकांत दोनाची रीत पक्की होत होती.

तिचा सर्वांत लहान दाणा म्हणजे बिट. क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द वापरला आणि तो जॉन टुकी यांनी सुचवल्याचे नमूद केले. बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाही', १ किंवा ०, यांतले एक उत्तर. पुढे १९५६ मध्ये आयबीएमच्या 'स्ट्रेच' या यंत्रावर काम करताना वेर्नर बुखहोल्त्स यांनी बिटांच्या गटाला 'बाइट', म्हणजे घास, असे नाव दिले. लिहिताना चुकून 'बिट' होऊ नये म्हणून त्यांनी इंग्रजी शब्दातला एक स्वर मुद्दाम बदलला. हा घास मात्र अजून ठरावीक आकाराचा नव्हता. त्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या रॅमॅक या साठवणयंत्रात ५० तबकड्या होत्या, आणि त्याची क्षमता ५० लाख अक्षरे अशी सांगत. त्यातले प्रत्येक अक्षर सहा बिटांचे होते. १९६४ मध्ये आयबीएमची 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर झाली, तिने आठ बिटांचा बाइट रूढ केला आणि तोच पुढे जगाने स्वीकारला.

घोटाळा झाला तो मोठ्या मापांच्या नावांत. संगणकाच्या स्मृतीत पत्त्याचा एक बिट वाढला की घरांची संख्या दुप्पट होते. दहा बिटांनी १,०२४ घरे मोजता येतात. हा आकडा हजाराच्या इतका जवळ, की अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हटले. पण फ्रान्सच्या १७९५च्या मापांपासून किलोचा अर्थ हजार, ना एक कमी ना एक जास्त. तबकड्या बनवणाऱ्यांना दुपटीचे बंधन नव्हते. ते हजाराने मोजत राहिले. एकाच नावाची दोन वजने बाजारात आली.

याचा उत्तम नमुना म्हणजे '१.४४ मेगाबाइट'ची फ्लॉपी. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. हा आकडा १.४४ गुणिले १,००० गुणिले १,०२४ असा येतो. म्हणजे एकाच मापात दोन्ही रीती मिसळल्या होत्या!

किलोला हा फरक २.४ टक्के होता. टेराला तो जवळजवळ दहा टक्के झाला. म्हणून एक टेराबाइटची डिस्क जोडली की पडद्यावर '९३१ जीबी' दिसते आणि विकणाऱ्याने लुबाडले असे वाटते. अमेरिकेत ग्राहकांनी यासाठी दावेही लावले. वास्तविक तिथे एक बाइटही कमी नसतो. विक्रेता हजाराने मोजतो, संगणक १,०२४ ने. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १,०२४ च्या मापांना 'किबी', 'मेबी', 'गिबी' अशी स्वतंत्र नावे दिली. नावे मिळाली, पण लोकांच्या जिभेवर रुळली नाहीत.

वेगाचे माप तारायंत्राच्या वंशातले. तारेवरून संकेत एकामागून एक जातात, म्हणून वेग सेकंदाला किती बिट असा मोजतात. साठा मात्र बाइटमध्ये. इथे फरक थेट आठपटीचा. '१०० मेगाबिट'च्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा साध्या फोनवरचा वेग ९.६ किलोबिट होता. एक मेगाबाइट उतरवायला सुमारे १४ मिनिटे लागत. २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान व्याख्या दोन मेगाबिट केली. आता तेच काम चार सेकंदांचे.

हे सारे साहित्याच्या व्यासपीठावर का सांगतो? कारण आठ बिटांच्या घासात रोमन लिपीचे एक अक्षर सहज मावते; आपले मावतेच असे नाही. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत सात बाइटांत बसतो. पण त्याने घाबरू नये. पाच लाख चिन्हांची कादंबरीही दीड मेगाबाइटच भरते. तेवढी जागा तिच्या एका पानाचे चांगले छायाचित्रच खाऊन टाकते.

महाराष्ट्राबाहेरची आपली ग्रंथालये जुने अंक आणि दुर्मीळ पुस्तके संगणकात उतरवू लागली आहेत. तेव्हा कंत्राटात 'किती जीबी' एवढेच लिहू नका; जीबी हजाराचा की १,०२४ चा, तेही लिहा. प्रत्येक धारिकेचे बाइट नोंदवहीत पूर्ण आकड्याने मांडा. प्रत नेताना आकडा जुळला नाही, तर काही हरवले आहे हे त्याच दिवशी कळेल. जुळला तर मजकूर तपासायचा राहतोच, पण निदान माप पुरे भरले आहे एवढी खात्री होईल. शेराच्या काळातही शहाणा गिऱ्हाईक पारड्याकडे पाहण्याआधी वजनावरचा शिक्का पाहत असे.