गुळवेलीचीं नांवें व ‘हॉर्टस मलबारिकस’मधील कोंकणी साक्ष

वैद्यकाच्या जुन्या बाडांत ‘अमृता’ हा शब्द आला कीं आपण बहुधा समासांत ‘गुळवेल’ असें लिहून पुढें जातों. प्रस्तुत लेखकानेंही पूर्वी असेंच केलें आहे, व तें चुकीचें होतें. निघंटुकारांनीं अमृता हें नांव हिरड्यासही दिलें आहे. तसेंच भावप्रकाशांत गुळवेलीस ‘जीवंती’ व अमरकोशांत ‘जीवंतिका’ म्हटलें असलें, तरी चरकाच्या जीवनीय गणांतील जीवंती ही निराळी वनस्पति होय. ‘सोमवल्ली’ हेंही गुळवेलीचेंच एक नांव. पण तेवढ्यावरून यज्ञांतील सोम तो हाच, असें ठरत नाहीं.

मग निर्णय कशानें करावा? पर्यायनामांपैकीं कांहीं केवळ स्तुतिपर आहेत. रावणवधानंतर इंद्रानें वानरांवर अमृत शिंपिलें व त्याचे थेंब पडले तेथें ही वेल उगवली, ही भावप्रकाशांतील कथा गोड आहे; ओळख पटविण्यास मात्र तिचा उपयोग नाहीं. उलट ‘छिन्नरुहा’ व ‘चक्रलक्षणिका’ हीं नांवें डोळ्यांनीं पाहून ठेविलेलीं दिसतात. गुळवेलीचें कांड तोडून टाकिलें तरी तें सहसा वाळत नाहीं, पुन्हां फुटतें. आणि आडवें कापिलें असतां आंत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. पाठांत ओलें कांड कुटून रस किंवा सत्त्व काढण्यास सांगितलें असेल तर अमृता ही गुळवेल. फळाची बी काढून साल घेण्यास सांगितलें असेल तर तो हिरडा. नकलकारानें नांव बदललें तरी कृति सहसा बदललेली नसते.

ह्या कामीं एक साधन आपल्याकडे फारसें वापरलें जात नाहीं. कोचीनचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रीड ह्यानें सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ ह्या काळांत बारा खंडांत छापला गेला. त्याच्या सातव्या खंडांत गुळवेल ‘चित्-अमृतु’ ह्या मलयाळी नांवाखालीं सचित्र आली आहे. ग्रंथास मुख्य साह्य इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याचें. परंतु रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांचेंही साक्षपत्र पहिल्या खंडांत आहे. तें १६७५ सालचें असून नागरी लिपींत व कोंकणी भाषेंत आहे, आणि त्यांत महानिघंटूचा आधार सांगितला आहे. लॅटिन ग्रंथांत शिरलेला हा नागरी कागद आमच्या मतें एखाद्या दप्तराइतक्याच आदरानें वाचला पाहिजे. चित्रपटांवर वनस्पतींचीं नांवें मलयाळी व अरबी लिपींबरोबर नागरींतही कोरलेलीं आहेत. म्हणजे नांव व आकृति एकाच पानावर सांपडतात. आपल्या निघंटूंच्या पोथ्यांत हीच सोय सहसा नसते.

हा प्रश्न केवळ पोथ्यांपुरता नाहीं. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेणाऱ्या कांहीं रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां आयुष मंत्रालयानें ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ह्या सारख्या दिसणाऱ्या वेलीशीं घोटाळा होण्याचा संभव दाखविला. पुढील तपासांत कांहीं ठिकाणीं खरी गुळवेलच आढळली. तो वाद वैद्यांचा आहे.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, आपल्या बाडांतील ‘अमृता’ उतरून घेतांना पुढें कांड, फळ किंवा पान ह्यांपैकीं कोणतें अंग सांगितलें आहे, तेंही जसेंच्या तसें उतरून घ्यावें.