कूस बदलण्याचा इतिहास

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज बोलायचंय ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवण्याबद्दल. हसू नका, त्यालाही इतिहास आहे.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायकांना, त्यांत विधवाही होत्या, नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं जाई. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, हे तेव्हा चांगल्या घरच्या बाईचं काम मानलं जात नव्हतं. रमाबाईंनी त्याच कामाला शिक्षणाची जोड दिली.

फौजेला हे गरजेपोटी शिकावं लागलं. पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. अशा जवानाला कमरेखाली काही जाणवत नाही. दुखत नाही म्हणून तो हलत नाही, आणि एकाच जागी दाब राहून कातडी सडते. म्हणून ठरल्या वेळेला कूस बदलायची, साधारण दर दोन तासांनी. पहाऱ्याइतकीच ती कडक ड्यूटी.

घरातल्या म्हाताऱ्यांकडे मात्र दिल्लीचं लक्ष फार उशिरा गेलं. १९९९ साली ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यापाठोपाठ, २००० पासून, दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेनं वृद्धसेवेचे सहा महिन्यांचे आणि वर्षाचे अभ्यासक्रम आखले. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती! त्यांच्यापुढे हे वर्ग म्हणजे दर्यात खसखस.

ती टंचाई मला घरातच कळली. नोएडात आईची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली. एका एजन्सीनं 'ट्रेन्ड' म्हणून झारखंडची एक मुलगी पाठवली. तिनं पहिल्याच दिवशी आईला लुळ्या हाताला धरून उठवलं. खांदा सुजला. मी परेडच्या आवाजात ओरडलो. ती म्हणाली, "सर, किसी ने सिखाया ही नहीं. दो दिन बैठाया, फिर भेज दिया."

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हा दोघांनाही शिकवलं. व्हीलचेअर आईच्या धडधाकट बाजूला लावायची, आधी ब्रेक, पायपट्ट्या बाजूला, आईच्या कमरेला रुंद पट्टा, आपले गुडघे वाकवून जोर पायांतून द्यायचा. लुळा हात ओढायचा नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी शिकली. मला, कर्नलसाहेबांना, आठवडा लागला.

सरकारी कौशल्य प्रशिक्षणात या कामाला 'होम हेल्थ एड' असं नाव आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टरात तिच्या नावापुढे 'मेड' लिहीत. मी दोनदा खाली जाऊन ते खोडून आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'मेड'.