पिवळ्या दिव्याची जन्मकथा

मोटारीत चालकापुढे जे छोटे छोटे दिवे असतात ते बहुतेक आपल्याच सोयीचे असतात. ऑइलचा दाब उतरला की तांबडा दिवा लागतो, कारण इंजिन जाम झाले तर खड्ड्यात जाणार आपण. पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागतो, कारण रस्त्यात अडकणार आपण. पण याच पंक्तीत इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा बसलेला असतो. 'चेक इंजिन' म्हणतात त्याला. नाव इंजिनाचे असले तरी त्याचा जन्म इंजिनासाठी झालेला नाही. तो झाला गाडीबाहेरच्या माणसांसाठी. मी मराठी माध्यमातून बीए झालेला, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. यंत्रातले मला बेताचेच कळते. पण या दिव्याची जन्मकथा वाचली आणि वाटले की ही आपल्या वाचकांना सांगायलाच हवी.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, लॉस एंजेलिसला. साल १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जुलैमध्ये एके दिवशी शहरावर असे काही धुरकट धुके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. पर्ल हार्बरला दोन वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी कुजबुज सुरू झाली. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. तो काही काळ बंद ठेवला, पण धुके काही हटेना. पुढे लोक घराच्या मागे कचरा जाळतात त्यावर बोट ठेवले गेले, आणि १९५७ मध्ये त्यावरही बंदी आली. दोष शेजाऱ्याचा, कारखान्याचा, शत्रूचा... आपल्या दारातल्या मोटारीचा मात्र नाही!

खरा गुन्हेगार शोधला तो एका अननसवाल्याने. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत प्राध्यापक होते. अननसाचा वास नेमका कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा ते अभ्यास करत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावून पाहिली. हवा थंड करून तिच्यातले द्रव्य गोळा केले, तर हाती आला घाण वासाचा तपकिरी द्रव. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातले अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हवेत ओझोन तयार होतो. लंडनचे धुके कोळशाचे, लॉस एंजेलिसचे उन्हात शिजलेले! त्यातच डोंगरांनी वेढलेले शहर आणि वर गरम हवेचा थर, म्हणजे पातेल्यावर झाकणच. तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांना खोटे ठरवायचा प्रयत्न केला. त्याने हे गृहस्थ उलट ईर्ष्येला पेटले आणि अननस सोडून हवेच्याच मागे लागले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, त्याचे पहिले अध्यक्ष हेच झाले.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. पाच वर्षांत मोटारींचा विषारी धूर नव्वद टक्क्यांनी कमी करा, असे त्यात फर्मान होते. कंपन्यांनी खूप आरडाओरडा केला, मुदतीही वाढवून घेतल्या, पण १९७५ च्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा मुलामा. त्यावरून जाताना विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायू होतात. पेट्रोलमधल्या शिशाने हा मुलामा निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. आपल्याकडे हे दोन्ही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून सुरू झाले, आणि २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशभरातूनच गेले.

आता खरा पेच पाहा. नवी गाडी कारखान्यातून निघताना परीक्षेत पास होते. पण पाच वर्षांनी? प्लग झिजतो, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मंदावतो, कन्व्हर्टर निकामी होतो. गाडी मात्र झकास पळत असते. चालकाला काही कळत नाही, कारण त्याच्या गाडीचा धूर मागच्याच्या नाकात जातो. ब्रेक बिघडला तर तो दुसऱ्या दिवशी गॅरेजला धावेल. धूर बिघडला तर कशाला धावेल? आणि प्रत्येक गाडीमागे पोलीस उभा करणे कोणत्या सरकारला जमणार?

याला कॅलिफोर्नियाच्या मंडळाने काढलेला तोडगा मला फार आवडला. गाडीनेच स्वतःची तक्रार करायची! तोवर गाड्यांत छोटे संगणक आलेच होते. १९८० च्या आसपास जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत असा दिवा दिला होता. सॉकेटमधल्या दोन टोकांना तारेने जोडले की दिवा उघडझाप करायचा आणि मेकॅनिक ती मोजून बिघाडाचा क्रमांक ओळखायचा. मंडळाने १९८५ मध्ये नियम केला आणि १९८८ च्या गाड्यांपासून तो लागू झाला. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, आकडे वेगळे, त्यामुळे नाक्यावरचा मेकॅनिक हतबल. म्हणून दुसरा, अधिक कडक नियम आला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकच सोळा पिनांचे सॉकेट आणि एकच सामाईक संकेतावली सक्तीची झाली. विषारी धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा बिघाड झाला की दिवा लागलाच पाहिजे, असा दंडक घातला.

आता तुम्ही म्हणाल, दिवा लागला तर करायचे काय? इथे मास्तरकीचा अनुभव उपयोगी पडतो. प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल रेघ दिसली म्हणजे मुलगा 'ढ' ठरत नाही. त्याला फळा दिसत नसेल, घरी आजारपण असेल. कोडचेही तसेच आहे. पी ०४२० हा कोड म्हणतो, कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे. संगणकाला हे कळते कसे? कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. नंतरचाही पहिल्यासारखाच वरखाली होऊ लागला की संगणक तक्रार नोंदवतो. माझा एक पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या जुन्या गाडीत हाच कोड आला. पहिल्या गॅरेजने सगळा कन्व्हर्टर बदलायचा सांगून मोठा आकडा पुढे केला. दुसऱ्याने आधी खाली वाकून पाहिले. नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर फसत होता. सांध्याची गॅस्केट बदलली, दिवा गेला. कोड तपास कुठून सुरू करायचा ते सांगतो, निकाल देत नाही.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून लवकर थांबावे. सिलिंडरमध्ये इंधन न जळता पुढे जाते आहे आणि कन्व्हर्टर जळू शकतो, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी हा दिवा लागतो, कारण टाकीतून उडणारी वाफही हवेत जाऊ द्यायची नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक करावे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हा दिवा क्षणभर लागायला हवा. लागलाच नाही तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे असे समजा! काहीजण परीक्षेपुरता कोड उडवतात. कॅलिफोर्नियात तेही चालत नाही, कारण स्वतःच्या तपासण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत हे संगणक सांगून टाकतो. पाटी पुसून वर्गात आलेल्या मुलाची पाटी कोरी आहे, हे मास्तरांना दिसतेच की.

भारतात ही व्यवस्था मोटारींना २०१० पासून आणि तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा २०१३ पासून लागू झाला. २०२० पासून नव्या दुचाकींवरही हा दिवा आला.

आता कोणी म्हणेल, झाले तर मग, प्रश्न सुटला! तसे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. प्रयोगशाळेत तपासणी चालली आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा, आणि रस्त्यावर मोकळे सुटायचे, असा संगणकाचा कार्यक्रमच कंपनीने लिहिला होता. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्या अशा निघाल्या. त्यांचा कोणताही भाग बिघडलेला नव्हता, मग दिवा लागणार कशाला? त्याला जेवढे शिकवले तेवढेच तो बोलतो. ती लबाडी उघडी पडली ती माणसांमुळे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमापाची यंत्रे गाडीतच ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा आकडे जुळेनात.

म्हणून मला हा दिवा मोठा हुशार वाटत नाही. आपल्या गाडीमागे स्कूटरवर कोणीतरी नाकाला रुमाल बांधून चालले आहे, इतकीच आठवण तो करून देतो. लॉस एंजेलिसला दोष आपल्या दारात आहे हे मान्य करायला काही वर्षे लागली. आपल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून आपण ती वर्षे पुन्हा मोजू नयेत, एवढेच म्हणणे. गाडी चांगली चालली आहे ना, मग राहू दे, असे घरात कोणी म्हणाले तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.