शुभ्र नाताळाची घडण

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील येशूजन्माच्या कथेत बर्फाचा उल्लेख नाही आणि जन्माची तारीखही नाही. नाताळ व हिमवर्षाव यांची आज अतूट वाटणारी जोडी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जुळली. त्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक शतके युरोपातील हिवाळे आजच्यापेक्षा कडक असत, आणि या कालखंडाला हवामानाचे अभ्यासक ‘लघु हिमयुग’ म्हणतात. १८१४ च्या फेब्रुवारीत लंडनमधील थेम्स नदी गोठली, तेव्हा तिच्यावर दुकाने थाटली गेली आणि छापखानेही बर्फावरच जत्रेची स्मरणपत्रके छापून विकू लागले. थेम्सवरील ती अखेरची हिमजत्रा ठरली. १८१२ मध्ये जन्मलेल्या चार्ल्स डिकन्सचे बालपण याच थंड दशकात गेले आणि त्याच्या ‘पिकविक पेपर्स’ व १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कृतींतून हिमाळ नाताळ घरोघरी पोहोचला. त्याच वर्षी हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या, विक्रीसाठीच्या पहिल्या नाताळ-शुभेच्छापत्रावर बर्फ नव्हता, मेजवानीत रमलेले कुटुंब होते. पुढे रंगीत छपाई आणि टपाल स्वस्त झाल्यावर मात्र बर्फाने झाकलेली चर्चे आणि रॉबिन पक्षी यांची चित्रे सर्वत्र पसरली. १९४२ मध्ये बिंग क्रॉस्बी यांनी गायलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’ या गीताने ही प्रतिमा जगभर रुजवली, म्हणूनच कधीही बर्फ न पडणाऱ्या गोव्या-मुंबईतही नाताळच्या झाडावर कापूस पसरला जातो. एका देशातील काही वर्षांची थंडी साहित्य व छपाईच्या बळावर साऱ्या जगाच्या उत्सवस्मृतीचा भाग कशी बनते, याचा हा बोलका पुरावा होय.