शिकलगार आणि गाडीची चमक

गाडीला पॉलिश करणे ही काय शिकायची गोष्ट आहे, असे गेल्या वर्षभरात मला अनेकांनी विचारले. मी एक जुनी गाडी घेतली. तिचा रंग मेंगळला होता, बॉनेटवर ओरखड्यांचे जाळे पडले होते. पैसे देऊन ती चमकवून घेण्याऐवजी आपणच शिकावे असे ठरवले आणि ओळखीच्या एका गॅरेजमध्ये रविवारी जाऊ लागलो. ‘‘हे पोरांचे काम, तुम्ही कशाला हात काळे करता?’’ असे काहीजण म्हणाले. एका सुशिक्षित परिचिताने हसत हसत ‘पंक्चरवाला’ हा शब्दही वापरला. तो शब्द कोणासाठी आणि का वापरला जातो, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको.

मला त्या शब्दाच्या रागापेक्षा त्यामागच्या अज्ञानाचे जास्त नवल वाटले. हाताने काम करणारा माणूस म्हणजे ज्ञान नसलेला माणूस, हा समज इतिहासात टिकत नाही. पॉलिशच्या बाबतीत तर अजिबात नाही.

सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत शिकलगार हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. अरबीत ‘सकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे आणि ‘सैकल’ म्हणजे ते करणारा. फारसीने त्याला ‘गर’ जोडले, मराठीने त्याचा शिकलगार केला. तलवारी, खंजीर, भाल्यांची पाती यांना धार आणि जिल्हई देणारे हे कारागीर. सैन्य कोणाचेही असो, शिकलगाराशिवाय त्याचे भागत नव्हते. गंजलेली तलवार म्यानातून निघत नाही, आणि चुकीच्या हाताने घासलेल्या पात्याची धार बसते. पोलाद किती घासायचे आणि कुठे थांबायचे, हे ज्याला कळे तो उस्ताद.

त्यांचे मुख्य साधन होते कुरुंद. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून सहाणेची चाके बनवत. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याकडच्याच भाषांतून, तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून गेलेला आहे. रसायनाच्या भाषेत कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी माझ्या हातात कंपाउंडची बाटली आली. तिच्यात घासण्याचे काम करणारा पदार्थ कोणता? तोच, ॲल्युमिनियम ऑक्साइड. फक्त कण आता फार बारीक आणि एकसारखे असतात. शिकलगाराचे कुरुंद आणि बाटलीतले कंपाउंड यांचे नाते इतके सरळ आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे काढून घेतली. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. तलवारच नाही तर शिकलगाराला काम कुठले? चाकू, कात्र्या, विळ्या, अडकित्ते यांना धार लावत अनेक कुटुंबे फिरू लागली. काल ज्याच्या दारात सरदाराचा माणूस तलवार घेऊन येई, तो आता स्वतः दारोदार हाक देऊ लागला. कसब तेच राहिले, किंमत मात्र गेली. आज ज्याला आपण ‘हलके काम’ म्हणतो, ते असे हलके केले गेलेले असते.

इकडे हे घडत असताना तिकडे मोटारगाडी जन्माला आली. सुरुवातीच्या गाड्या घोडागाडीसारख्याच रंगवत. जवसाचे तेल आणि राळ यांचे व्हार्निश ब्रशने थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा. एका गाडीला आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला. तो काही तासांत वाळे. आपल्याकडे रंगारी अजूनही ‘ड्युको मारून देतो’ म्हणतात, ते याच नावावरून. पण फवारलेल्या ड्युकोला आपोआप झगझगीत चमक येत नसे, ती घासून काढावी लागे. त्यामुळे रबिंग आणि पॉलिश हा गाडीच्या कामाचा वेगळा भाग बनला.

नंतर १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रूढ होत गेली. आज बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवतो तो हाच थर. पॉलिश म्हणजे या थरातले काही मायक्रॉन कमी करणे. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग त्याच्या पातळीला आणला जातो. म्हणून दर दोन महिन्यांनी ‘रबिंग मारून’ चमकवलेली गाडी काही वर्षांत निस्तेज होते. मग तो थर परत येत नाही.

उस्तादांचे आडनाव शिकलगार नाही. त्यांच्या घराण्यात हा धंदाही नव्हता. पण त्यांनी शिकवलेले नियम शिकलगाराला परके वाटले नसते. ‘‘सर, आधी धुवायला शिका, मशीन नंतर,’’ असे ते पहिल्या दिवशी म्हणाले. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक फडके खळबळण्याची. बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, धुळीचे फडके गोल गोल फिरवल्याने पडतात. मग हाताला खरखर लागते का ते पाहायचे, लागली तर क्ले फिरवायचा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. सगळ्यांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन वीतभर जागेवर आधी करून पाहायचे. तेवढ्याने भागले तर कंपाउंडला हात लावायचा नाही. कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावायची. आणि जो ओरखडा नखाला अडकतो, तो सोडून द्यायचा.

घासणे झाले की राखणे. कार्नोबा मेण ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवर येते. कोरड्या हवेत पानातले पाणी उडू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली ती सोय. ते ऐंशी अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आपल्या उन्हातही टिकाव धरते. तरी काही आठवड्यांनी पुन्हा लावावे लागतेच. सिरॅमिक कोट जास्त टिकतो, पण त्यावर ओरखडेच पडत नाहीत हे विकणाऱ्याचे बोलणे आहे.

इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये एक दाखला दिला आहे. राजाने दालनात पडदा लावून एक भिंत रूमी चित्रकारांना दिली, समोरची चिनी चित्रकारांना. रूमींनी रंगांची उधळण केली, चिन्यांनी भिंत फक्त घासली. पडदा काढला तेव्हा समोरचे सारे चित्र घासलेल्या भिंतीत अधिक उजळ दिसले. पुढे मौलाना रूमींनी मस्नवीत हीच कथा बाजू बदलून सांगितली, तिथे घासणारे रूमी आहेत. बाजू कोणतीही असो, दोघांनीही मनाच्या शुद्धीसाठी दाखला निवडला तो घासणाऱ्या कारागिराचा. आपल्या परंपरेतल्या इतक्या मोठ्या विद्वानांना त्या कामात कमीपणा दिसला नाही.

आपल्या समाजातली हजारो मुले आज डेंटिंग, पेंटिंग, पॉलिशच्या कामात आहेत. त्यांनी शाळा सोडू नये, यासाठी आपण लिहितो, बोलतो, ते योग्यच आहे. पण शिक्षणाचा आग्रह धरताना त्यांच्या हातातले कसब तुच्छ ठरवू नये. त्या मुलाला मायक्रॉन समजावून सांगा, बाटलीवरचे रसायन वाचायला शिकवा, त्याच्या कामाला प्रमाणपत्र आणि रास्त मोबदला मिळेल असे पाहा. आणि शिकलगार या शब्दाचा अर्थही त्याला सांगा.